पऱ्हाटीची काडी

माय म्हणायची, या घरात दोन बायका नांदतात. एक ती स्वतः आणि दुसरी मागच्या पडवीतली मिलिंग मशीन. आल्यागेल्या पाहुण्यांनाही ती बेधडक सांगायची, "हाई मन्ही सवत. मी भाकरी करस, ती लोखंडना कीस पाडस, आन् यासले कीस जास्ती आवडस." नाना, म्हणजे माझे वडील, यावर मिशीतल्या मिशीत हसायचे आणि तेलाच्या फडक्याने मशीनचं टेबल पुसत राहायचे. मशीन तरी काय, धुळ्याच्या भंगार बाजारातून आणलेली, बाकड्यावर मावेल एवढी, आणली तेव्हा तिला ना रंग होता ना हँडल. नानांनी तिचा एकेक भाग रॉकेलमध्ये बुडवून, घासून, नवा करून तिला उभी केली होती. घरात लग्नाचा फोटो धूळ खात टांगलेला असायचा, पण मशीनवर कुणी बोटभर धूळ दाखवून दाखवावी! माय सवत म्हणायची ते काही उगाच नव्हे.

ज्यांनी मिलिंग मशीन पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. लेथवर वस्तू गरगर फिरते आणि हत्यार जागेवर असतं. मिलिंगवर उलटं. इथे कटर जागच्या जागी फिरतो आणि ज्या टेबलावर वस्तू आवळलेली असते ते अख्खं टेबल कटरखालून सरकवायचं असतं. सरकवायचं म्हणजे टेबलाच्या टोकाचं हँडल हाताने फिरवत राहायचं, एका चालीनं, न थांबता. घाई केली की कटर धातूला ओरबाडतो, थबकलात की तिथे रेघ उठते. चांगला माणूस हँडल फिरवतो तेव्हा आवाज कसा येतो माहीत आहे? तव्यावर तेल तापत असावं तसा, बारीक आणि सारखा. माझ्या लहानपणीच्या संध्याकाळी त्या आवाजात गेल्या. मी अभ्यासाला बसायचे ती पडवीच्या उंबऱ्यावर, आणि आवाज अडखळला की न बघता सांगायचे, "नाना, हात थकला ना?"

नाना शहाद्याजवळ पुरुषोत्तमनगरला साखर कारखान्यात फिटर होते आणि आम्ही कॉलनीत राहायचो. हंगामात आमचं आयुष्य कारखान्याच्या भोंग्यावर चालायचं. भोंगा झाला की नाना निघायचे, भोंगा झाला की माय तवा टाकायची. हवेला मळीचा गोडसर आंबूस वास, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर चिमणीची काळी राख, रस्त्यावर उसाच्या बैलगाड्यांची रांग. मग गाळप संपायचं, आणि कारखाना एकदम गप्प झाला की ती शांतता कानाला टोचायची. बिगर हंगामात तिथली सगळी यंत्रं खोलून साफ करायची असतात. नाना दिवसभर मोठ्या यंत्रांत डोकं घालून यायचे, दादर ज्वारीची भाकरी आणि ठेचा खायचे, की लगेच छोट्या यंत्रात डोकं. पत्ते नाहीत, तंबाखू नाही, राजकारण तर मुळीच नाही, आणि साखर कारखान्याच्या कॉलनीत राजकारण न बोलणारा माणूस म्हणजे कपिलाषष्ठीचा योग.

त्यांना एकच वेड होतं. गाळपाच्या मिलची छोटी प्रतिकृती करायची. पितळेचे तीन रोलर, बाजूला दातेरी चाकं, आणि त्यात खराखुरा ऊस घातला की खराखुरा रस खाली यायला हवा. शोकेसमध्ये ठेवायची वस्तू त्यांना नको होती. "जी पिळस नही ती मिल कसानी?" असं म्हणायचे. रोलर झाले होते, बैठक झाली होती. राहिली होती दातेरी चाकं. एकेक दात कापायचा म्हणजे एकेकदा टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत न्यायचं, एका चालीनं, आणि एक दात बिघडला की पूर्ण चाक भंगारात.

आणि त्याच वर्षी, हंगाम संपता संपता, उसाच्या बैलगाडीला वाट देताना नानांची लुना पाटाच्या चारीत गेली. उजवा खांदा निखळला. हाड बसवलं, पट्टी निघाली, शेक झाले, नंदुरबारच्या डॉक्टरांनी दिलेले व्यायाम झाले. हात हलायला लागला, पण गोल फिरेना. जेवता यायचं, सही करता यायची, शर्टची बटणं लावता यायची. हँडल मात्र अर्ध्यावर यायचं आणि नानांचा चेहरा पांढरा पडायचा. कारखान्यात त्यांना स्टोअरमध्ये बसून करायचं काम मिळालं, पगार सुरू होता, घर चालत होतं. लोक म्हणायचे, वाचले, नशीब. नाना पण म्हणायचे, हो, नशीब. आणि पडवीकडे पाठ करून बसायचे.

आता तुम्ही म्हणाल, मग पोरीनं हँडल फिरवायचं होतं! अहो, फिरवलं ना. मी तेव्हा अकरावी सायन्सला होते, अंगात रग होती. नाना शेजारी उभे राहायचे आणि सांगायचे, "हळू. आते चाल. थांबू नको, थांबू नको वं!" मी फिरवायचे. त्यांना जे हातात कळायचं ते त्यांनी तोंडाने सांगेपर्यंत कटर पुढे गेलेला असायचा. पितळेवर रेघा उठल्या. मी चिडले, तेही चिडले, आणि आमच्या घरात एरवी कुणी कुणावर चिडत नसे. शेवटी त्यांनी माझा हात धरून हँडलवरून बाजूला केला, अगदी प्रेमाने. म्हणाले, "दुसराना हातनं जेवीसन पोट भरस, पोरी. चव नही लागस."

पुढच्या आठवड्यात धुळ्याचे एक शेठ येऊन मशीन बघून गेले. जुन्या मशिनी घ्यायच्या, रंग मारायचा, सुरतेला विकायच्या, असा त्यांचा धंदा. माणूस वाईट नव्हता, बोलका होता, मायच्या हातच्या शेवभाजीचं भरपूर कौतुक करून गेला. नानांनी त्यांना शब्द दिला, दसरा होऊ द्या, मग टेम्पो घेऊन या. यंदाच्या खंडेनवमीला तिची घरात पूजा होऊ दे, एवढंच. मग त्यांनी मशीनवर पोतं टाकलं आणि अर्धवट मिल एका पत्र्याच्या डब्यात भरून माळ्यावर ठेवली. जिला सवत घरातून जातेय याचा आनंद व्हायला हवा, ती बाई त्या दिवशी भाजीत मीठ घालायला विसरली. आणि मला कळलं की मशीन गेली तर नाना घरात राहतील, पण आमच्यात राहणार नाहीत. एका माणसाचं मन टेम्पोत चढून सुरतेला जाणार होतं. ते मी होऊ देणार नव्हते.

कल्पना मला एसटीत सुचली. शहाद्याला कॉलेजला मी सायकलने जायचे, पण त्या दिवशी धो धो पाऊस होता म्हणून बसने निघाले, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर. समोर वायपर चाललेला. एवढी मोठी काच, वरून पाण्याचा मारा, आणि तो गडी न थकता, न थबकता, एका चालीनं इकडून तिकडे. कॉलेजचा स्टॉप गेला तरी मी बसून होते. कंडक्टर म्हणाला, "ताई, उतरनी नही का?" मी उतरले ती थेट स्टँडजवळ सलीमचाचांच्या गॅरेजवर गेले. सलीमचाचा ट्रकची इलेक्ट्रिकची कामं करायचे आणि नानांना ओळखायचे. मी म्हटलं, वायपरची मोटार हवी. ते बोनेटमधून डोकं न काढता म्हणाले, "बेटा, तेरे घर को काच कहाँ है?" मी सगळं सांगितलं, खांदा, मशीन, दसरा. तेव्हा डोकं बाहेर आलं. कोपऱ्यातल्या ढिगातून त्यांनी एका मोडक्या ट्रकची मोटार काढली, बॅटरीला लावून फिरवून दाखवली आणि म्हणाले, "ताकद बहुत है इसमें. ताकदवाले से संभल के रहना." ते मला तेव्हा थट्टेत बोलल्यासारखं वाटलं.

आता हे सगळं तयार मिळतं. माझ्या शहाद्याच्या वर्कशॉपमध्ये नात मोबाईलवर बोट फिरवते आणि कुरिअरवाला ऑटो फीडचं, म्हणजे टेबल आपोआप सरकवणाऱ्या मोटारीचं, खोकं आणून टाकतो, सूचनांच्या कागदासकट. चांगलंच आहे, मी कुरकुर करणाऱ्यांपैकी नाही. पण मी ते केलं तेव्हा आमच्या पंचक्रोशीत ते कुणी केलेलं मी पाहिलं नव्हतं, आणि करून बघायला मला कुणी सांगितलंही नव्हतं. बढाई वाटली तर वाटू द्या. या वयात मी बढाई मारायची नाही तर कुणी मारायची?

मोटार मिळाली, पण ती टेबल सरकवणाऱ्या स्क्रूला जोडायची कशी? मधे चेन हवी, दोन दातेरी चक्रं हवीत, लहान मोटारीवर आणि मोठं स्क्रूवर, म्हणजे चाल सावकाश होईल. चेन आणि चक्रं कशाला असतात? सायकलला. घरात सायकल एकच होती, माझी. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून मिळालेली, निळी. मी ती पडवीत आडवी केली आणि तिची चेन, पुढचं चक्र, मागचं चक्र, सगळं काढून घेतलं. नाना स्टोअरमध्ये असायचे तेव्हाच माझं काम चालायचं. ते येण्याआधी पुन्हा पोतं टाकून द्यायचं. त्यांनी पडवीकडे बघणंच सोडलं होतं, त्यामुळे लपवायला फार कष्ट पडले नाहीत. मोटार बसवायची पट्टी मी त्याच मशीनवर कापली, हाताने हँडल फिरवून. तळहाताला फोड आले. उलटसुलट फिरवायचं बटण बसवताना मोटार काही केल्या उलटी फिरेना, ठिणग्या उडाल्या, तेव्हा कळलं की वायपरच्या मोटारीचं अंगच एका वायरचं काम करतं. मग सायकलचीच ट्यूब कापून तिच्या खाली घातली आणि तिला मशीनपासून वेगळी केली. बॅटरी ओळखीच्या एकाच्या ट्रॅक्टरची, जुनी. तारा सगळीकडून लोंबत होत्या आणि दिसायला ते भयंकर होतं. पण बटण दाबलं की टेबल चालायचं. ओ माय वं, काय चालायचं! मी एकटीच टाळ्या वाजवायचे.

माय हे सगळं बघत होती. ती दळण निवडत बसायची आणि विचारायची काहीच नाही. फक्त एकदा, मी कॉलेजला निघाले तेव्हा कॉलनीच्या फाटकापर्यंत मागे आली. मी सायकल घेऊन निघाले होते आणि ती ढकलत नेत होते, नानांना संशय येऊ नये म्हणून. फाटकापाशी बायांसमोर माय मोठ्याने म्हणाली, "काबं ढकली ऱ्हायनी वं? बठ ना सायकलवर!" आणि स्वतःच इतकी हसली की तिला पदर तोंडात धरावा लागला.

खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी हत्यारं धुऊन, पुसून पाटावर मांडतात आणि मग दसरा होईपर्यंत त्यांना हात लावायचा नाही, त्यांचा तो आराम. नानांनी डाव्या हाताने कानशी, पाने, मायक्रोमीटर मांडला. घरात मांड्यांचा घमघमाट होता, माय खापरावर हातभर मांडे टाकत होती. पूजेची माळही तिनेच केली होती, झेंडूची, घसघशीत, मशीनच्या दोन्ही टोकांना लोंबेल एवढी लांब. निरोपाची पूजा आहे, सवतीला कमी पडायला नको, असं तिचं म्हणणं. नाना पोतं काढायला गेले आणि मी त्यांच्या आधी पुढे होऊन ते ओढलं.

ते बघतच राहिले. आधी मोटारीकडे नाही, चेनकडे. म्हणाले, "निमा, तुन्ही सायकल?" मी म्हटलं, "तिनं पुण्यकर्म केलं." त्यांनी चेनवरून बोट फिरवलं, बटण चाचपलं, ट्यूबचा तुकडा दाबून पाहिला. मग पूजा झाली, हळदकुंकू, माळ, नारळ. माय म्हणाली, आता उद्यापर्यंत हात लावायचा नाही. पण नानांना दम कुठला! लहान मुलासारखं मायकडे बघत म्हणाले, "कटर नही लावस. नुसतं टेबल चालू दे. देवीले बी दिसू दे." मायनं मान डोलावली. नानांनी डाव्या अंगठ्यानं बटण दाबलं.

टेबल निघालं. नानांच्या चेहऱ्यावर मी ते हसू पाहिलं जे महिनोन्महिने पाहिलं नव्हतं. आणि त्याच वेळी लोंबणाऱ्या माळेचं टोक चेनमध्ये गेलं. मोटारीनं ती माळ ओढली, फुलं, दोरा, सगळं, चक्राभोवती गुंडाळत नेलं, चेन ताणली, पट्टी वाकली, आणि मोटार थांबायला तयार नाही. मी बॅटरीची तार उपटेपर्यंत आतून कडकड आवाज आला. मोटारीच्या पोटातलं फायबरचं चक्र सोललं गेलं होतं. पडवीभर पिवळ्या पाकळ्या. मायनं कपाळावर हात मारला, "आराम मोडा ना तिना! मी सांगेल व्हतं!" आणि मला रडू फुटलं. मला देवीची भीती वाटली नाही, मला टेम्पो दिसत होता. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी शेठ येणार होते.

नाना खाली बसले होते. चक्राभोवतीची माळ सोडवत होते, दोरा न तोडता, फूल न् फूल. मला वाटलं, आता म्हणतील राहू दे. ते म्हणाले, "मन्हा हात ऱ्हाता ना, त थांबी जाता. हातले समजस. मोटारले कोन सांगी?" आणि मग वर बघून, "रडू नको. आपला कारखानामा रोलर अडकना त काय तुटस, सांग." मी कॉलनीत वाढलेली मुलगी, मला ते पाठ होतं. उसाच्या कॅरिअरला, म्हणजे ऊस मिलपर्यंत नेणाऱ्या पट्ट्याला, मुद्दाम एक कच्ची पिन घालतात. यंत्र कुठे अडकलं की ती पिन तुटते आणि बाकी सगळं वाचतं. हंगामात रोज कुणीतरी ओरडायचं, "पिन गई, पिन गई!" मी डोळे पुसले. माझ्या जोडणीतही मोठं चक्र स्क्रूला धरून ठेवणारी पिन होती, पण मी ती चांगली जाडजूड पोलादी घातली होती. मजबूत म्हणजे चांगलं, असं समजून. नाना म्हणाले, कच्ची घाल, आणि किती कच्ची ते तू शोध, त्याला खांदा लागत नाही, डोकं लागतं.

मग काय विचारता. दसऱ्याच्या दिवशी लोक आपट्याची पानं घेऊन फिरत होते आणि मी सलीमचाचांच्या दारात. त्यांनी सणाच्या दिवशी शटर उघडून दुसऱ्या मोटारीतलं फायबरचं चक्र काढून दिलं, वर म्हणाले, "बोला था ना, ताकदवाले से संभल के." मी त्यांच्या हातात आपट्याचं पान ठेवलं आणि पळाले. घरी पट्टी सरळ केली, चक्र बसवलं. आता पिन. आराम संपला होता, मायनं सकाळीच पाट उचलला होता. खिळा घालून पाहिला, तुटेना, मोटार घुरघुरायला लागली. उदबत्तीची काडी घातली, टेबल हलायच्या आत गेली. खराट्याची काडी वाकली. बांबूची चीप दबून चिवट झाली, तुटायचं नावच घेईना. शेवटी पाणी तापवायच्या चुलीपाशी गेले. तिथे गेल्या वर्षीच्या पऱ्हाटीचा भारा होता. पऱ्हाटी म्हणजे कापसाचं वाळलेलं झाड, आमच्या भागात जिकडे तिकडे तेच जळण. त्यातली एक सरळ काडी घेतली, चाकूनं तासून भोकात बसवली. टेबल चाललं, छान चाललं. मग नानांनी टेबलाच्या वाटेत लाकडाचा ठोकळा धरला. टेबल ठोकळ्याला भिडलं आणि टक्! काडी मोडली, मोटार आपली मोकळी फिरत राहिली, टेबल गुपचूप उभं. नाना म्हणाले, "आखो एकदाव." पुन्हा टक्! आम्ही दोघं किती काड्या मोडत बसलो कुणास ठाऊक. माय आतून म्हणाली, आंघोळीला पाणी तापवायचंय, जळण ठेवा थोडं.

दुसऱ्या दिवशी शेठ आले. टेम्पो फाटकाशी उभा राहिला. नानांनी त्यांना पडवीत आणलं आणि काही न सांगता बटण दाबलं. कटरखाली पितळेचं चाक होतं, माळ्यावरच्या डब्यातून सकाळीच उतरवलेलं. टेबल सरकलं, आणि तो आवाज आला, तव्यावरच्या तेलाचा, बारीक, सारखा. मी उंबऱ्यावर बसले होते, माझ्या जुन्या जागेवर. शेठ वाकून वाकून बघायला लागले. चतुर माणूस, त्यांना लगेच कळलं की ही आता वेगळीच वस्तू झाली. कापून झाल्यावर त्यांनी स्वतः बटण हातात घेतलं, इकडे नेलं, तिकडे नेलं, आणि रंगात येऊन इतकं नेलं की टेबलावरचा पाना खांबाला जाऊन अडला. टक्! मोटार फिरत राहिली, टेबल थांबलं. शेठ दचकून मागे झाले, "तोडलं का मी?" मी उठले, मोडकी काडी काढली, खिशातून दुसरी काढून बसवली, आणि टेबल परत चालू केलं. शेठ माझ्या हाताकडे बघत होते. "ऐन मशीनमध्ये पऱ्हाटीची काडी? फिटरभाऊ, थट्टा करता का?"

"थट्टा कसानी, शेठ," नाना म्हणाले. "ती तुटस म्हणीसन बाकीनं वाचस."

शेठ खूश झाले. म्हणाले, असं असेल तर ठरल्यापेक्षा चांगला विचार करू, बोला, चढवू टेम्पोत? शब्द म्हणजे नानांचा जीव, हे मला माहीत होतं. दिलेल्या शब्दापायी त्यांनी आयुष्यात किती तरी गोष्टी सोडल्या होत्या. मला त्यांच्याकडे बघवेना म्हणून मी टेबलाकडे बघत राहिले. नानांनी फडक्याला हात पुसले.

"शेठ, मी बोल दिधा व्हता तो मन्ही मशीनना. मी ती चालाडू शकत नव्हतू म्हणीसन दिधा व्हता. हाई मशीन आते मन्ही नही ऱ्हायनी. हाई निमानी शे. तिले इचारा."

तोपर्यंत मला आयुष्यात फार कुणी काही विचारलं नव्हतं. कुठल्या शाळेत जायचं, कोणता विषय घ्यायचा, सगळं आपोआप ठरत आलेलं. आणि आता धुळ्याचा एक मोठा शेठ, सफारी घातलेला, माझ्याकडे वळून खरंच विचारत होता, "मग, काय म्हणतेस बेटा?" माझा आवाज फुटला तो असा की शेजारच्या क्वार्टरमध्ये गेला.

"नही देनी, शेठजी. च्या ल्या."

शेठ इतके हसले की टेम्पोवाला डोकावून गेला. म्हणाले, फिटरभाऊ, शब्द मोडलात, पण झकास मोडलात. चहा घेतला, उरलेले मांडे खाल्ले, आणि रिकामा टेम्पो घेऊन गेले. ते फाटकाबाहेर पडले नसतील तोच नाना स्टूल ओढून मशीनसमोर बसले. उजवा हात मांडीवर, डावा अंगठा बटणावर. दुसरा दात कापायला घेतला. मी बाजूला उभी होते आणि या वेळी मला कुणी हळू म्हणत नव्हतं, थांबू नको म्हणत नव्हतं. ते बघत होते, ऐकत होते, बोट टेबलाच्या कडेला हलकेच टेकवून त्याची थरथर घेत होते. त्यांची चव त्यांना मिळाली होती. होळीच्या सुमाराला ती मिल झाली, आणि रसाचा पहिला पेला माय प्यायली, हेही इथेच सांगून टाकते.

पण त्या दिवशी माय आत कप विसळत होती. तिथूनच तिनं नेहमीसारखं विचारलं, "चालनी का मन्ही सवत?"

नाना डोळे न उचलता म्हणाले, "सवत कसानी आते? पोरनी शे ती. तुन्ही नात लागस."

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून मी पाण्याच्या चुलीपाशी गेले तर ती पऱ्हाटीचा भारा सोडून बसली होती. वाकड्या, गाठीच्या काड्या चुलीत जात होत्या. सरळ, सारख्या जाडीच्या काड्या ती एकीकडे ठेवत होती, त्यांची जुडी बांधत होती, खंडेनवमीच्या झेंडूच्या माळेच्या दोऱ्यानं. मी विचारलं, हे कशाला? तिनं जुडी माझ्या हातात दिली नाही. स्वतः पडवीत गेली, मशीनच्या वरच्या खिळ्याला अडकवली आणि पदराला हात पुसत म्हणाली,

"नातले लागतीन."